सोपान पेंटरचा उजवा हात

बारामतीत मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एक डॉक्टरांची, दोन-तीन गुळाच्या अडत्यांच्या, एक-दोन साखर कारखान्यातल्या साहेबांच्या, आणि बाकीच्या नुसत्या लोकांच्या बोलण्यातल्या. अशा दिवसांत इंदापूर रस्त्याला कडुनिंबाखाली पत्र्याची शेड ठोकून सोपान मोटारी रंगवायला बसला, तेव्हा गावानं त्याला आधी वेड्यात काढलं. माणूस कन्हेरीचा. बापानं जन्मभर बैलगाड्या रंगवल्या. पोरगा पुण्याला पळाला, एका गॅरेजात आठ वर्षं राबला आणि १९५१ साली ड्यूको रंगाचे डबे, फवारा मारायचं यंत्र आणि छबूबाई नावाची बायको घेऊन परत आला. दोन वर्षं गेली आणि ज्यांनी वेड्यात काढलं होतं, तेच नंबर लावून त्याच्या शेडपुढं बिड्या ओढत बसायला लागले.

त्याच्या कामात जादू नव्हती, हट्ट होता. जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायचा. गंज घासून काढायचा. त्यावर तांबडं अस्तर द्यायचं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मग रंगाचे पातळ हात, एकावर एक सात. प्रत्येक हातानंतर पाण्यात भिजवलेला काचकागद फिरवायचा. शेवटी मऊ पेस्टीनं रगडायचं, मेण लावायचं आणि जुन्या फलालीनच्या फडक्यानं खांदा भरून येईपर्यंत पुसत राहायचं. एवढं सगळं झाल्यावर आठ दिवस गाडीला कुणी शिवायचं नाही. एका अडत्यानं चौथ्याच दिवशी हौसेनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर सोपान त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण त्या रंगावर तांबूस डाग राहिला तो राहिलाच, याचा त्याला खरोखरीचा राग होता.

आणि त्याचा सगळा भरवसा उजव्या हातावर. काम तपासायचं तर तो डोळे मिटायचा आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवायचा. रंगाखाली केस अडकला असेल तरी बोटं तिथं थांबायची. कुणी म्हणालं, डोळं उघडून बघ की लेका, तर तो म्हणायचा, "डोळं लबाड असत्यात. उजेड बदलला का त्यांची बोली बदलती." डावा हात त्याच्या मते अडाणी होता. बादली उचलायला ठीक, बाकी काही कळत नव्हतं त्याला.

उजव्या हातात काहीतरी बिनसलंय हे त्याला बिडीनं कळवलं. १९५६च्या दिवाळीनंतर एका सकाळी तो शेडच्या दारात बसला होता, आणि काहीतरी जळल्याचा वास आला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, थिनरचा डबा पाहिला. मग खाली पाहिलं तर बिडी संपून बोटापर्यंत आली होती आणि वास त्याच्याच कातडीचा होता. चटका काही जाणवला नव्हता. त्यानं बिडी टाकली, बोट पाण्यात बुडवलं आणि थिनरमुळं होत असेल असं स्वतःला सांगून टाकलं. पुढं थंडी पडली, तेव्हा थंडीवर ढकललं. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, त्याला तो लहानपणची खरूज म्हणायचा. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

पण आत कुठंतरी त्याला ठाऊक होतं. कन्हेरीत त्याचा एक चुलता होता, सावळाराम. सोपान सातआठ वर्षांचा असताना सावळारामाची बोटं अशीच मेली आणि घरानं त्याला ओढ्याकाठच्या बांधावर खोपट घालून दिलं. जेवण एका दगडावर ठेवायचं, हाक मारायची आणि तो बाहेर यायच्या आत मागं फिरायचं. सख्खा भाऊ होता तो सोपानच्या बापाचा! वारला तेव्हा खोपटासकट पेटवला त्याला. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं पोर मोठं झालं, पेंटर झालं, आणि आता त्याच्याच हातात ते येऊन बसलं होतं. लोकांना कळलं की शेड गेली, गिऱ्हाईक गेलं, माणसांत बसणं गेलं. एवढा सरळ हिशेब होता तो. नवल म्हणजे सोपानला भीतीसुद्धा नीट वाटेना. हातासारखंच आतही काहीतरी निजून गेलं होतं. सकाळी उठावं, शेडवर जावं, संध्याकाळी परतावं, कुणाला काही बोलू नये.

अशात सर्जेरावांची मोटार आली. सर्जेराव भवानीनगरच्या बाजूचे, उसाचे मोठे बागायतदार. धाकटी लेक सारजा, तिचं लग्न माघात. वरात मोटारीतून निघाली पाहिजे म्हणून त्यांनी पुण्याच्या एका वकिलाकडून जुनी काळी गाडी घेतली आणि पौषाच्या सुरुवातीला सोपानच्या शेडपुढं आणून उभी केली.

"मोतिया रंग पायजे, पेंटर," सर्जेराव म्हणाले. "असा का, पोरीला कुंकू लावायला आरसा लागू नये."

"दीड महिना लागंल, आबा."

"घे की. पर शेवटचा हात फिरंल तो तुजाच."

सोपाननं मान हलवली. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

आता बोटांवाचून काम कसं करायचं? त्यानं युक्ती काढली. गाल लावायचा. दार घासून झालं की इकडं तिकडं बघून तो पत्र्याला गाल टेकायचा आणि मान हळूहळू सरकवायचा. गालाला सगळं कळत होतं, खरखर कळत होती, चढ-उतार कळत होता, पौषातल्या पत्र्याचा गारठाही कळत होता. एकदा सर्जेरावांचा ड्रायव्हर भिमा निरोप घेऊन आला, त्यानं हे पाहिलं आणि हसून हसून बेजार झाला. "पेंटर, वहिनी काय माहेरी गेल्यात का? मोटारीचं मुकं घ्यायला लागला तुमी!" ही बातमी चहाच्या दुकानात पोहोचायला तासभरही लागला नाही. सोपान लोकांबरोबर हसला. हसायची जागा आली की हसायचं, हे त्याला जमत होतं.

भिमा माणूस भला होता. पंचविशीतला, तोंडाळ, गाडीचा वेडा. येईल तेव्हा अर्धा तास काम बघत बसायचा.

सहा हात झाले. सातवा वाळला. लग्नाला सतरा दिवस उरले असताना सोपान बॉनेटवर शेवटचा पाणकागद फिरवत होता. सर्जेराव स्वतः बघायला आले होते आणि चार पावलांवर उभे राहून पान जमवत होते. मोतिया रंग घासला की ताकासारखं पाणी निघतं. ते पाणी बॉनेटवरून खाली ओघळत होतं. आणि अचानक त्या पांढऱ्यात तांबडं दिसलं.

तांबडं म्हणजे अस्तर. घासता घासता सात हात फोडून तो खाली अस्तरापर्यंत पोहोचला होता, तेही बॉनेटच्या ऐन मध्यावर. सर्जेरावांनीही पाहिलं. "आरं आरं! अस्तर आलं का काय?"

सोपाननं घाईघाईनं फडकं फिरवलं. खाली रंग जागच्या जागी होता, मोतिया, अखंड. त्याला काही समजेना. त्यानं कागद पुन्हा टेकवला, पुन्हा तांबडं पाणी आलं. पुन्हा पुसलं, तर रंग तसाच. तिसऱ्यांदा पुसताना फडकंच तांबडं झालं, तेव्हा त्यानं हात उलटा करून पाहिला. मधल्या तीन बोटांची कातडी गेली होती. कागद दुमडलेला होता, कड बाहेर आली होती, आणि तो कोण जाणे किती वेळ स्वतःचीच बोटं घासत बसला होता.

सर्जेराव जवळ आले. त्यांनी बोटं पाहिली आणि त्यांचं तोंड कसंनुसं झालं. "आगाई गं! दुखत न्हाय का रं?"

त्या वेळी सोपान नुसता ओरडला असता, खोटं खोटं विव्हळला असता, तरी भागलं असतं. हात झटकून, आयला, लागलं, एवढं म्हटलं असतं तरी सर्जेरावांनी हळद आणा म्हणून आरडाओरडा केला असता आणि विषय संपला असता. पण त्याला सुचलंच नाही. दुखलंच नव्हतं, मग विव्हळणार कुठून? तो बोटांकडं बघत खरं तेच बोलला.

"न्हाय, आबा."

सर्जेरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. खेड्यातला माणूस, त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची नजर सोपानच्या बोटांवरून मनगटावर गेली, बाहीखालच्या चट्ट्यावर थांबली, आणि ते दोन पावलं मागं सरले. मग आणखी दोन. पान त्यांनी खाल्लं नाही, रस्त्याकडंला टाकून दिलं. जाताना शेडकडं पाठ करून म्हणाले, "गाडी पुरी कर."

बघा म्हणजे. हात नको झाला होता, हातचं काम हवं होतं. दुसरा पेंटर पुण्याशिवाय मिळणार नव्हता आणि लग्न तोंडावर आलेलं.

त्या दिवशी सोपान उन्हं असतानाच घरी गेला. छबूबाईनं बोटांना हळद लावून चिंध्या बांधल्या. त्यानं सगळं सांगितलं, बिडीपासून सर्जेरावांच्या पानापर्यंत. ती ऐकत राहिली. मग जेवण वाढलं. नवरा जेवला की त्याच्याच ताटात आपलं वाढून घ्यायचं, ही त्यांच्या घरातली रीत, सगळ्याच घरांतली. सोपान जेवला, उठला, आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेलं. चिंध्या बांधलेल्या हातानं त्यानं ते राखेनं घासलं, धुतलं, पुन्हा घासलं आणि भिंतीला उभं करून ठेवलं. छबूबाई चुलीपाशी बसून बघत होती. तो बाजूला झाल्यावर ती उठली, तेच ताट घेतलं, पदरानं पुसलं आणि त्यात भाकरी-कालवण घेऊन जेवायला बसली. "दवाखान्यात जाऊन या उद्या," एवढंच म्हणाली. सोपानला वाटलं, आता आपल्याला रडू यायला पाहिजे. आलं नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी टोचत विचारत गेला, "इथं कळतं? इथं?" सोपान न्हाय, न्हाय म्हणत गेला. कोपराजवळ व्हय आलं. डॉक्टरनं सांगितलं की हा महारोग आहे, पण आता यावर गोळ्या निघाल्या आहेत, दोन-चार वर्षं नेमानं घ्यायच्या. रोग थांबेल. बोटं झडणार नाहीत. घरच्यांनी भ्यायचं कारण नाही, नुसता हात लागल्यानं तो कुणाला होत नसतो.

"आन् बोटातलं कळनं?"

डॉक्टरनं टाचणी बशीत ठेवली. "गेलं ते परत यायचं अवघड आहे."

"बरं," सोपान म्हणाला.

"आणि हे लोकांना सांगा. घाबरायचं काही नाही म्हणून."

"लोकान्ला तुमी सांगा, डॉक्टर," सोपान म्हणाला आणि गोळ्यांची पुडी खिशात टाकून शेडवर गेला.

चिंध्यांवर पिशवी बांधून त्यानं उरलेलं घासलं. पेस्टीनं रगडलं, मेण लावलं, फलालीन फिरवलं, गाल टेकवला, पुन्हा फिरवलं. सहा दिवस गेले. बघायला कोणी आलं नाही. चहाच्या दुकानातलं पोरगं चहा द्यायचं बंद झालं होतं, यावरून बातमी कुठवर गेली ते कळत होतं. सातव्या दिवशी गाडी तयार झाली. इतकी चांगली गाडी त्यानं कधी केली नव्हती. कडुनिंबाच्या डहाळीची पानं बॉनेटात मोजता येत होती. त्याला स्वतःला ते समजत होतं, पण आनंद म्हणून काही झाला नाही. आठ दिवस वाळू द्या, मग न्या, असा निरोप त्यानं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवला.

भिमा चौथ्याच दिवशी आला. हातात बादली, बगलेत खराटा, फिनेलची बाटली आणि धुण्याचा सोडा. शेडपासून लांब उभा राहिला आणि नजर चुकवून बोलला.

"मालक म्हनलं, धुवून आन. कढत पान्यानं. फिनेल टाकून."

"भिमा, रंग कच्चा हाय अजून."

"मला काय करायचंय, पेंटर. सांगितलंय तसं करतो."

"थंड पान्यानं धू. फिनेल नको. सोडा तर अजिबात नको. मेन जाईल, रंग पांढरा पडंल."

"थंड पान्यानं जात न्हाय म्हनं ते."

ते म्हणजे काय, हे सोपाननं विचारलं नाही. भिमानं तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, तेलाच्या डब्यात पाणी तापवलं. सोपान निंबाच्या बुंध्याशी बसून बघत होता. आपल्या हाताचा विटाळ मानताहेत याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, पण त्या पाण्याला उकळी फुटताना पाहून तो दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. भिमानं पाणी ओतलं, खराटा फिरवला, वर फिनेल टाकलं. बॉनेट, छत, दोन्ही दारं. वाफ उठली. वाफ गेल्यावर भिमा जागच्या जागी थिजला. मोतिया रंगावर पांढरट साय धरली होती, थिजलेल्या तुपासारखी, आणि खराट्याच्या ओरखड्यांचे पट्टे वरपासून खालपर्यंत उमटले होते. डहाळीचं एकही पान दिसत नव्हतं.

"मेलो," भिमा म्हणाला. "पेंटर, सा दिसांवर लगीन आलंय. मालक मला जित्ता सोडनार न्हाईत. कायतरी करा."

"मी हात लावला तर पुन्हा धुवाया लागंल."

भिमाला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं. सोपान त्याच्याकडं बघत राहिला. आपल्या कामाचा असा चुथडा झाला म्हणून त्याला राग यायला हवा होता, पण भिमावर राग येईना. मालकानं सांगितलं, यानं केलं.

"शेडमदी जा," तो शेवटी म्हणाला. "डाव्या फळीवर पेस्टीचा डबा हाय. सगळी फडकी उकळून धुतलेली हायत, घाबरू नगस. तू घास. मी सांगतो."

सकाळी नऊला बसले ते उन्हं कलेपर्यंत. सोपान पाच हातांवरून सांगत होता. गोल घास. दाबू नको. कडेला आलास, हलका हो, कडेला रंग पातळ असतो. फडकं पलट. पानी शिपड. भिमा घामानं निथळला. साय निघाली, ओरखडे एकेक करून मिटले, रंग पुन्हा वर आला. फक्त बॉनेटवर काहीतरी राहिलं होतं. सोपानला लांबून ते कळत होतं आणि नेमकं कुठं ते कळत नव्हतं, आणि जवळ जाऊन गाल लावायची सोय राहिली नव्हती.

"डोळं मीट," तो म्हणाला. "मधली तीन बोटं टेकव. सरकव हळूच. इचार करू नको."

भिमानं डोळे मिटले. बोटं पत्र्यावरून सरकली, पुढं गेली, मागं आली. आणि दिव्याच्या खोबणीवर एका जागी थांबली.

"हितं!" भिमा ओरडला. "हितं केसागत कायतरी लागतंया! पेंटर, सापडलं!"

त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. सोपान "बरूबर" म्हणाला आणि उठून शेडच्या मागं गेला. इतके दिवस जे येत नव्हतं, ते रडू तिथं आलं. पत्र्याला टेकून तो लहान मुलासारखा रडला. शेड जाणार म्हणून नाही, लोकांनी चहा बंद केला म्हणूनही नाही. त्याला भिमाच्या बोटांचा हेवा वाटला होता, इतका की छातीत कळ आली. ज्याला काल-परवापर्यंत पेस्ट आणि मेण यातला फरक कळत नव्हता, त्याच्या बोटांना ते सापडलं. आपल्याला आता कधीच सापडणार नाही.

तोंड धुऊन तो परत आला तेव्हा भिमानं ती जागा घासून काढली होती आणि मेणही लावलं होतं. गाडी सुरू झाली. भिमा खुशीत होता, दमलेला होता, आणि खिडकीतून मान बाहेर काढून सवयीनं बोलून गेला, "लग्नाला या बरं का, पेंटर. वहिनीन्लाबी आना."

बोलून झालं आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानं जीभ चावली. इंजिन चालू होतं. सोपाननं त्याला अवघडून ठेवलं नाही. "येतो की," म्हणाला.

लग्न गुरुवारी होतं. सोपान त्या दिवशी घराबाहेर पडला नाही. लग्नाला का आला नाहीस असं कुणी विचारलं, तर अंगात कणकण होती म्हणून सांगायचं, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.